वय थांबवलेलं घर

काउंटरमागे तिचा नवरा बसला होता.

डोळ्याला भिंग लावून तो कुठल्याशा यंत्राच्या पोटात डोकावत होता. दारात उभ्या असलेल्या या मुलीचे आपण नवरे आहोत, गेले आठ महिने आपला संसार सुरळीत चालला आहे, आपल्याला दोन मुलं आहेत आणि त्यातली धाकटी व्हायोलिन वाजवते – यातलं त्या बिचाऱ्याला काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं.

"या," तो म्हणाला. "काय बिघडलंय?"

ती थिजली. छातीशी लॅपटॉप, एक पाय दुकानात, दुसरा पायरीवर. परत फिरावं तर दाराला घंटी लावलेली. येताना वाजली होती, जातानाही वाजणार. घंटी वाजवत पळून जाणं चोरालासुद्धा शोभत नाही.

"दार तेवढं लावून घ्या हं. गार वारा येतोय."

तिने दार लावलं. चुकून स्वतःला आत ठेवून.

हिला घरात सगळे भागूबाई म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी फुगा फुटेल या भीतीने ती फुगाच घेत नसे, तेव्हापासूनचं. पुढे ती मोठी झाली, भीतीही बरोबरीने मोठी झाली. फोन वाजला की तिला भीती वाटे, बराच वेळ वाजला नाही तरी वाटे. हॉटेलात पाणी मागायची वाटे. 'तुझ्याशी जरा बोलायचं होतं' असं कुणी म्हटलं की समोरच्याने पुढचं वाक्य बोलेपर्यंत तिच्या मनात दोन नोकऱ्या सुटलेल्या असत. ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांची मात्र तिला भीती नव्हती. ते तिच्या टेबलावर येत तेव्हा त्यांच्यामागे माणूस नसे.

आणि घरी आल्यावर ती गेम खेळे.

त्या गेममध्ये जिंकायचं, हरायचं काही नसतं. घर बांधायचं, माणसं घडवायची, त्यांना वेळेवर उठवायचं, खाऊ घालायचं, कामावर धाडायचं, रुसली तर समजूत काढायची. प्रत्येक घरात आई नेमकं हेच करते, फक्त तिला कुणी खेळाडू म्हणत नाही. पण गेममध्ये दोन सोयी होत्या ज्या आईला नव्हत्या. एक, काहीही धाडस करण्याआधी सगळं जसंच्या तसं जपून ठेवता येई. बिघडलं की मागे जायचं आणि पुन्हा सुरुवात. दुसरी सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर होती. तिथे लिहिलेलं असे, 'वय वाढणे', आणि पुढे एक छोटा चौकोन. तो चौकोन तिने रिकामा ठेवला होता. रिकामा म्हणजे बंद. त्या घरात कुणी म्हातारं होत नव्हतं, कुणी मरत नव्हतं.

कारण त्या घराच्या ओसरीवर बाबा होते.

खरे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, उजवीकडची शेवटची खोली. ती बाहेर बाकावर बसली होती. "आत ये ना गं, तुला विचारतायत," आई दोनदा येऊन म्हणाली होती. "पाच मिनिटांत येते," ही दोन्ही वेळा म्हणाली. तिसऱ्यांदा आई दारात आली तेव्हा काही बोललीच नाही.

महिनाभराने तिने गेममध्ये बाबा बनवले. टक्कल तेच, पोट थोडं कमी केलं. डॉक्टरांनी सांगून सांगून कमी झालं नव्हतं ते तिने एका बटणावर केलं. आणि त्यांच्या हातात झारी दिली. तेव्हापासून बाबा ओसरीवर फुलझाडांना पाणी घालत होते, आणि ते तसंच घालत राहणार होते. अट एकच – त्या घराला कुणी हात लावायचा नाही.

आणि आता त्या घराला हात लावायला, सगळ्या जगात, हाच माणूस सापडला होता.

म्हणजे याचंही सांगायला हवं. रोज सकाळी साडेआठला बसस्टॉपवर एक पिवळा स्वेटर उभा असे. हातात निळा थर्मास, कान जरा बाहेर आलेले, डाव्या भुवईत जुनी खूण. हसला की थर्मासचं झाकण तोंडासमोर धरे. पण दातवाल्या माणसापासून दात लपत नाहीत. वरच्या पुढच्या दातांपैकी डाव्याचा कोपरा उडालेला होता, तांदळाच्या कणीएवढा. तिला तो फार आवडला. नव्या मुलींना लॅबमध्ये ती हेच शिकवायची, की सगळे दात सरळ लावले की कवळी खोटी दिसते. एखादा जरा चुकवायचा, मग तोंड खरं वाटतं.

आठ महिन्यांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. बस आली की चढायची, थेट पुढची सीट धरायची, आणि मागे वळून बघायचं नाही. काय सांगावं, तोही बघत असला तर?

त्यापेक्षा तिने तो घरी बनवला. गेममध्ये दातांचे चौदा प्रकार होते, अकरावा कोपरा उडालेला. स्वभावाच्या यादीतून 'आनंदी' निवडलं. नाव विचारलं तेव्हा अडचण आली, नाव कुठे माहीत होतं! तिने टाइप केलं – स्वेटर.

"बाई," तो स्वेटर म्हणाला, "लॅपटॉप देताय ना? की नुसता दाखवायला आणलाय?"

तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. त्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली.

"तक्रार तुमच्या शब्दांत सांगा. मी जशीच्या तशी लिहितो. आमच्या वस्तादांचा नियम."

"तो... बंद पडतो."

"काय करताना?"

"काम करताना."

"कसलं?"

"घरचं," ती पुटपुटली.

त्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "घरचं काम करताना बंद पडतो." मग भिंग कपाळावर सरकवलं. "अशी तक्रार बायका नवऱ्यांबद्दल करतात. लॅपटॉपबद्दल पहिल्यांदाच ऐकतोय."

भागूबाईंचे कान तापले. याला कळलं? इतक्यात?

"गेम," ती घाईघाईने म्हणाली. "गेम खेळताना. गरम होतो, मग आवाज करतो आणि... जातो."

"मग सोपंय. पंखा साफ करतो, आत बघतो, आणि मग तोच गेम दोन तास फुल वेगात चालवतो. नाही पडला बंद, तर घेऊन जा."

"गेम नका चालवू!"

ती इतकी जोरात ओरडली की कपाटातल्या एका जुन्या स्क्रीनने कुरकुर केल्यासारखं वाटलं.

"अहो, दुखतंय तिथेच दाबून बघायला लागतं," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही जाऊन या. एक वाजता तयार असेल."

"नाही, मी बसते इथेच."

"मी चोर नाहीये हो."

"तसं नाही... मला सुट्टी आहे." आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "मला दुकानांत बसायला आवडतं."

आयुष्यात तिला कुठल्या दुकानात बसायला आवडलं नव्हतं. ती भिंतीशी असलेल्या बाकावर बसली. तसाच बाक. हॉस्पिटलात होता तसाच.

त्याने आधी सगळ्याची कॉपी करून घेतली. "आधी कॉपी, मग स्क्रू. हाही नियम," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग पंख्यातून धूळ निघाली. ती त्याने चिमटीत धरून तिला दाखवली. "मांजर पाळलंय का आत?"

"नाही."

"हसायचं असतं अशा वेळी. फुकट आहे."

ती हसली. भीत भीतच, पण हसली. त्याने पटकन खाली बघितलं आणि हातातला स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला. तो शोधण्यात त्याची तीन मिनिटं गेली. एवढा वेळ लागायला टेबल काही फार मोठं नव्हतं.

"डिस्क मरायला टेकलीय," टेबलाखालून आवाज आला. "नवी घालतो. आतलं सगळं जसंच्या तसं उतरवतो. घाबरू नका."

घाबरू नका, हे ऐकलं की ती हमखास घाबरे. याही वेळी तिने परंपरा मोडली नाही.

साडेअकराला लॅपटॉप सुरू झाला. गेमची ती ओळखीची टिणटिण ऐकू आली. स्क्रीन त्याच्याकडे होती. पण तो तिकडे बघत नव्हता, वेग वाढवून तो शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी रेडिओची तार जोडायला बसला. तारेला डाग देताना वितळलेल्या धातूचा तिखट वास दरवळला. ती सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तिला कपाट दिसलं.

त्याच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं आणि काचेत अख्खी स्क्रीन दिसत होती. उलटी, पण स्पष्ट. तिचं घर. ओसरी. बाबांची झारी, नेहमीच्या उजव्याऐवजी डाव्या हातात. आणि स्वयंपाकघरात पिवळा स्वेटर घातलेला तिचा नवरा, पाव खात. दुकानातल्याने नुसतं डोकं वळवलं असतं तरी स्वतःची स्वतःशी गाठ पडली असती.

नको बघू, नको बघू, तिने मनात धावा मांडला.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. आईचा आवाज फोनबाहेर दहा पावलांपर्यंत जातो. स्पीकर लावायची गरज पडत नाही.

"भागूबाई! झालं का गं मशीन?"

"आई, हळू..."

"मेकॅनिक बरा आहे का? म्हातारा आहे की तरुण?"

डोकं वर न करता तो म्हणाला, "मध्यम म्हणावं."

"कोण बोललं गं?" आई म्हणाली. "आवाज तर चांगला आहे!"

तिने फोन बंद केला. जमीन दुभंगण्याची वाट बघितली. जमीन दुभंगली नाही. अशा वेळी ती कधीच दुभंगत नाही.

"भागूबाई?" तो म्हणाला. स्वेटरच्या बाहीआड हसत होता.

"घरचं नाव आहे."

"छान आहे. कशाला घाबरता?"

"सगळ्याला."

"मलाही?"

"तुम्हाला तर..." ती म्हणाली, आणि जीभ चावली.

तो काहीतरी बोलणार होता. पण तिचं लक्ष पुन्हा काचेत गेलं. काहीतरी चुकत होतं. स्वयंपाकघरातल्या नवऱ्याच्या कानांवर पांढरे केस होते.

आधी तिला वाटलं, काचेवरची धूळ असेल. मग व्हायोलिनवाली धाकटी आतल्या खोलीतून बाहेर आली ती आईएवढी उंच होऊन. वय चालू होतं! नव्या डिस्कवर गेम आपल्या मूळ सवयींवर गेला होता. तिसऱ्या पानावरच्या त्या रिकाम्या चौकोनात खूण आली होती. आणि हा माणूस फुल वेगात... मिनिटाला एक वर्ष...

ओसरीवर बाबा वाकले होते. झारी हातात थरथरत होती.

थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं. 'जरा वय बंद करता का?' पण ते म्हटलं की तो स्क्रीन जवळ ओढणार. तिसरं पान शोधणार. घर बघणार, स्वयंपाकघर बघणार, तो स्वेटर, तो दात. मग सगळं संपलं. उद्यापासून स्टॉप बदलायचा, नोकरी बदलायची, जमलं तर शहरही. पाच मिनिटांत सांगते, तिने स्वतःला बजावलं. पाचच मिनिटांत.

आणि आपण काय म्हणालो ते तिला ऐकू आलं.

काचेत ओसरीच्या टोकाला एक राखाडी माणूस उगवला होता. हातात मिटलेली छत्री. त्या गेममध्ये मृत्यू असा येतो, सभ्यपणे, पायपुसण्यावर पाय पुसून.

"थांबवा!" ती किंचाळली. "थांबवा ते, माझे बाबा आहेत!"

त्याने हात लांब करून एक बटण दाबलं. छत्रीवाला एक पाय उचललेला तसाच थबकला.

मग त्याने स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भागूबाईने डोळे मिटले.

"हे बाबा," तो हळूच म्हणाला.

"हो."

"आणि हा स्वयंपाकघरातला?"

तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

"'स्वेटर'," त्याने वाचलं. "नाव आहे की आडनाव?"

"मी जाते," ती म्हणाली. उठलीसुद्धा. पण पाय दाराकडे वळेनात. बाबांना त्या छत्रीवाल्यापाशी सोडून कुठे जाणार?

"बसा," तो म्हणाला. थट्टा गेली होती आवाजातली. "हे बघा, सकाळची कॉपी माझ्याकडे आहे. सगळे जिथल्या तिथे, सगळे तरुण. बाबा झारी घेऊन उभे. टाकू परत? दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटं. तिला हो म्हणायचं होतं. हो तोंडापर्यंत आलंही होतं. मग तिला बाबा दिसले, वाकलेले, एकटे. आणि ती स्वतः, म्हणजे गेममधली ती, कुठे आहे ते तिने शोधलं. गेममधली ती आतल्या खोलीत पाठ करून बसली होती. कॉम्प्युटरवर गेम खेळत.

"हे बाबा मला कधी भागूबाई म्हणत नाहीत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. सोयच नाही त्यात. नुसते अंगठा दाखवतात. माझ्या बाबांनी जन्मात कुणाला अंगठा दाखवला नाही. त्यांना झाडांचं वेडही नव्हतं, एक एवढासा कॅक्टस होता तोही त्यांनी पाणी घालून मारला..." ती थांबली. "मी आत गेले नव्हते हो. बाहेर बसून राहिले होते."

त्याने काउंटरची फळी वर उचलली आणि स्टूल पुढे केलं. ती आत आली. माउस हातात घेतला.

"मी बाहेर थांबू?" त्याने विचारलं.

"नको." मग, "इथेच थांबा. प्लीज."

तिने गेममधल्या स्वतःला उठवलं. ओसरीवर जा म्हणून सांगितलं. ती निघाली, दारापर्यंत आली आणि तिथेच हात हलवत उभी राहिली. डोक्यावर वाट अडल्याची खूण.

"जात नाहीये," भागूबाईचा आवाज चिरकला. "तीसुद्धा जात नाहीये!"

"भिऊन नाही. दारात कुंडी आहे."

"काय?"

"कुंडी. तुम्हीच ठेवलीय ना मधोमध? हलवा ती."

तिने कुंडी हलवली. एवढंच होतं. दोन वर्षं जे दार उघडत नव्हतं, त्यात एक कुंडी होती. गेममधली ती बाहेर आली आणि बाबांच्या शेजारी उभी राहिली. यादीत 'निरोप घे' असं काही नव्हतं. गेम बनवणाऱ्यांना ते सुचलं नसावं, किंवा त्यांच्याही हातून झालं नसावं. 'गप्पा मार' होतं, 'विनोद सांग' होतं, 'मिठी मार' होतं. तिने शेवटचं दाबलं.

"चालू करा," ती म्हणाली. "हळू वेगाने."

बाबांनी झारी खाली ठेवली. दोघं मिठीत किती वेळ होती, ते गेमच्या घड्याळात बघायचं तिला सुचलं नाही. छत्रीवाला बाजूला उभा राहून थांबला, त्यालाही घाई नव्हती. मग त्याने छत्री उघडली आणि तो नि बाबा तिच्याखालून पायऱ्या उतरून गेले. ओसरीवर झारी राहिली.

भागूबाई रडत होती. दुकानदाराने रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा स्क्रीन पुसायचं मऊ फडकं पुढे केलं.

"नवीन आहे. ओरखडे पडत नाहीत."

ती रडता रडता हसली. आणि तेवढ्यात स्क्रीनवर पांढऱ्या केसांचा स्वेटर स्वयंपाकघरातून बाहेर आला, रडणाऱ्या बायकोशेजारी उभा राहिला आणि नाचायला लागला.

"हे काय करतोय हा?" तो खवळला.

"तुमचा... त्याचा स्वभाव आनंदी ठेवलाय."

"सासरे गेलेत आणि नाचतोय! बदला आधी तो. मी असा नाहीये."

'सासरे' हा शब्द बोलून गेल्यावर दुकानात दोघांनाही एकदम उकडायला लागलं. लॅपटॉपचा पंखा मात्र छान थंड चालला होता.

"मला माफ करा," ती फडक्यात बोलली. "न विचारता तुम्हाला... म्हणजे लग्न वगैरे..."

"विचारलं नव्हतंत?"

"गेममध्ये विचारलं होतं. चार वेळा नाही म्हणालात. मी दर वेळी मागे जाऊन पुन्हा विचारलं."

"चार वेळा? कारण काय दिलं मी?"

"कारण सांगायची सोय नाही. डोक्यावर लाल खूण येते नुसती."

"मूर्ख दिसतोय," तो म्हणाला. मग भिंग काढून टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "एक विचारू? मी कुठली बस पकडतो?"

"तुम्ही? ...माझीच ना? साडेआठची."

"मला चढताना पाहिलंय?"

तिने आठवलं. पुढची सीट. मान सरळ. आठ महिने.

"हे दुकान स्टॉपच्या मागच्याच गल्लीत आहे," तो म्हणाला. "मी वरच्या मजल्यावर राहतो. जिना उतरलो की दुकान. मला बसची गरजच काय? रोज ठरवतो, आज बोलायचं. मग बस येते, तुम्ही जाता. मी चहा संपवतो आणि दुकान उघडतो." त्याचे कान लाल झाले होते. "आज घंटी वाजली आणि तुम्ही दारात. मला वाटलं, पळून जावं. पण दुकान माझंच आहे."

तिला हसू यायला हवं होतं. पण भीती वाटली – नेहमीची नाही, वेगळीच, पायऱ्या संपल्या असं वाटून पाय टाकावा आणि खाली अजून एक निघावी तशी. इथे मागे जायची सोय नव्हती. हा माणूस एकदाच 'नाही' म्हणणार होता. आणि 'हो' म्हणाला तर त्याहून वाईट. मग त्याचेही केस पांढरे होणार होते, रोज एकेक, तिच्या देखत.

त्याने कॉपीचा पेनड्राइव्ह पुढे केला. "ही तुमची."

"तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे राहिली तर मी परत लावीन ती."

"आणि मागायला आलात तर?"

"द्यायची नाही."

"गिऱ्हाइकाची वस्तू अडवायची नाही, असा नियम आहे."

"मोडा एखादा," ती म्हणाली, आणि त्याच दमात, थांबलो तर मेलो अशा वेगात, "उद्या माझ्याबरोबर बसमध्ये चढाल?"

त्याने तोंड उघडलं.

घंटी वाजली. एक आजोबा दारात उभे होते. "काय रे, माझा रेडिओ बोलायला लागला का?"

रेडिओ बोलायला लागला नव्हता. मग आजोबाच बोलले. पाऊण तास. दीड वाजता लॅपटॉप पिशवीत घालून ती उत्तराशिवाय बाहेर पडली.

त्या दिवशी तिने गेम उघडला नाही. काय भीती वाटायची ती तिने नुसतीच वाटून घेतली.

सकाळी साडेआठला स्टॉपवर पिवळा स्वेटर नव्हता.

बाकावर निळा थर्मास होता. एकटाच. झाकणातून वाफ येत होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रिकामा रस्ता, एक कुत्रं, आणि ओसरीवर राहिलेल्या झारीसारखा तो थर्मास.  लाल खूण म्हणायची ती हीच असेल. बस आली. ती सवयीने चढली, सवयीने पुढची सीट धरली. बस सुटली. आणि भागूबाईने आठ महिन्यांत पहिल्यांदा मान वळवून मागे बघितलं.

मागच्या दाराशी, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, पिवळा स्वेटर उभा होता. चेहरा पांढराफटक. आठ वाजल्यापासून तो जाहिरातीच्या फलकामागे उभा होता, हे त्याने नंतर सांगितलं. थर्मास पुढे ठेवून स्वतः मागे.

"कुठलं?" कंडक्टरने त्याला विचारलं.

"या जिथे उतरतील तिथलं."

कंडक्टरने हिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "आणि यांनी उतरूच दिलं नाही तर?"

"मग शेवटपर्यंतचं द्या," तो म्हणाला आणि हसला. हातात झाकण नव्हतं. तो दात अख्ख्या बसला दिसला.

धक्के खात तो पुढे आला.

"सरकता का जरा?"

तिची भीती शेजारीच बसलेली होती, नेहमीसारखी, मांडीवर हात ठेवून. भागूबाईने तिला उठवलं नाही. खिडकीकडे थोडी सरकवली, आणि जागा करून दिली.